गाठ हाताला लागल्यापासूनचे ४१ दिवस: इंदूरच्या मराठी मंडळांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
इंदुरातील सर्व मराठी मंडळे, न्यास आणि ज्ञातिसंस्था यांचे अध्यक्ष, सचिव व विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रामबागेत राहते. आपल्यापैकी दोन मंडळांची आजीव सभासद आहे आणि एका मंडळाचे हिशेब तपासण्याचे काम मी सलग सहा वर्षे केले आहे. नोकरीही सगळी लेखा विभागातच गेली, त्यामुळे खर्च झाला की लिहून ठेवायचा, ही सवय हाडात मुरलेली. त्या सवयीमुळेच हे पत्र लिहू शकते आहे.

गेल्या वर्षी ९ जूनला सकाळी पोळ्या लाटता लाटता माझ्या मोठ्या वहिनीने मला आत हाक मारली. हाताला पीठ तसेच. माझा हात धरून तिने डाव्या छातीवर, काखेकडच्या बाजूला ठेवला आणि विचारले, "इथे काही लागतंय का गं?" लागत होते. बोराएवढे, टणक, आणि दाबले तरी न दुखणारे. दुखत नाही म्हणून ती दीड महिना कोणाला बोलली नव्हती. घरात नातीचे बारसे होते, मग पाहुणे होते, मग आंब्याचा सीझन होता.

२० जुलैला दुपारी तिच्या फाइलमध्ये शेवटचा रिपोर्ट लागला आणि कोणता उपचार करायचा ते ठरले. मध्ये गेले ४१ दिवस. या ४१ दिवसांत आमचे ५४,५०० रुपये खर्च झाले आणि त्यांतला एक रुपयाही उपचाराचा नव्हता. औषधाची एक गोळी पोटात गेली नव्हती, सलाइन लागले नव्हते. हे सगळे पैसे फक्त "काय झाले आहे" एवढे कळण्यासाठी गेले.

माझ्या वहीतले काही आकडे देते. पाच वेळा डॉक्टरांची फी, ३,९००. सोनोग्राफी १,२००, मॅमोग्राफी २,४००. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून पाहिल्या, १,१००, आणि त्या रिपोर्टवर "निश्चित सांगता येत नाही" असा शेरा आला. मग जाड सुईची बायोप्सी, ६,५००. कॅन्सर आहे हे कळल्यावर तो कोणत्या जातीचा आहे हे पाहण्याची तपासणी, ५,२००. त्यात हर-टू नावाच्या प्रथिनाचा आकडा "दोन प्लस" आला, म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. मग त्याचा निकाल लावणारी फिश नावाची तपासणी, ९,५००. कॅन्सर शरीरात आणखी कुठे पसरला आहे का ते पाहणारा पेट स्कॅन, १४,०००. रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाची टूडी इको मिळून ४,६००. दुसऱ्या रुग्णालयाने पहिल्याची सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी मान्य केली नाही म्हणून त्या दोन्ही पुन्हा, ३,४००. रिक्षा, झेरॉक्स, चहापाणी २,७००. मुंबईची फेरी यात धरलेली नाही.

आमच्या घरात आयुष्मान कार्ड नव्हते का, असे तुम्ही विचाराल. होते. दादा ७२ वर्षांचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वय वंदना कार्ड मिळते, ते दादांनी मोठ्या हौसेने काढून घेतले होते. वहिनी ६१ वर्षांची. कार्ड फक्त सत्तरीपुढच्या माणसासाठी असते, त्याच्या बायकोसाठी नसते. खिडकीवरच्या मुलाने आम्हाला हे फार सौम्यपणे सांगितले. दादा बराच वेळ ते कार्ड हातात उलटसुलट करत तिथेच उभे राहिले. एक जिना उतरायला त्यांना त्या दिवशी माझा हात लागला.

आणि समजा वहिनीच्या नावाचे कार्ड असते, तरी या ४१ दिवसांचे काय झाले असते? आयुष्मान योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ही फार मोठी गोष्ट आहे आणि आमच्याच कामवाल्या मावशींच्या भावाची केमो त्या कार्डावर झालेली मी पाहिली आहे. पण ती भरती झाल्यावरची योजना आहे. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे पंधरा दिवस एवढा खर्च त्यात येतो. ओपीडीत हिंडून केलेल्या तपासण्या येत नाहीत. वहिनीची शस्त्रक्रियेसाठी भरती २४ जुलैला झाली. तीन दिवस मागे मोजा, २१ जुलै येते. शेवटचा रिपोर्ट आदल्या दिवशीचा.

खासगी विम्यातही साधारण भरतीच्या आधीचे तीस दिवस धरतात. तसे मोजले तर २४ जून येते. त्याआधीची सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईची तपासणी बाहेरच राहते. आमच्याकडे तर विमा नव्हताच. दादांनी साठीनंतर हप्ता वाढला म्हणून पॉलिसी सोडून दिली होती आणि मुलाच्या कंपनीच्या विम्यात आईवडील नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी निघाला आहे, आधीच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली आहे. ज्यांच्या पॉलिसी अजून चालू आहेत त्यांनी कृपा करून त्या बंद पाडू नयेत. एवढे सांगून तो विषय सोडते.

मला ज्या गोष्टीवर तुमचे लक्ष हवे आहे ती अंगठ्याच्या पेराएवढी आहे.

बायोप्सीत जो मांसाचा कण काढतात तो मेणात बसवून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. पुढच्या सगळ्या तपासण्या त्या ब्लॉकवरच होतात. ब्लॉक नीट असेल तर दुसऱ्या गावचा डॉक्टरही त्यावरून आपले मत देऊ शकतो आणि माणसाला पुन्हा सुई खुपसावी लागत नाही. हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. दुसऱ्या एका खासगी रुग्णालयात आम्ही मत घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कागदावर सरळ "बायोप्सी पुन्हा" असे लिहिले. वहिनीचा चेहरा उतरला. पहिल्या वेळचा काळानिळा डाग अजून गेला नव्हता. मी धीर करून विचारले, "आधीचा नमुना चालणार नाही का?" ते थांबले, म्हणाले, "ब्लॉक मिळत असेल तर आणा, चालेल."

मग लॅबच्या फेऱ्या. पहिल्या दिवशी "मॅडम जेवायला गेल्या आहेत". दुसऱ्या दिवशी "ब्लॉक गोडाउनमध्ये असतात, चार दिवस लागतील". तिसऱ्या दिवशी "डॉक्टरांचे पत्र आणा". आमच्याच पैशांनी, आमच्याच माणसाच्या शरीरातून काढलेला कण आम्ही हात जोडून मागत होतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली, त्यात आपले रिपोर्ट व नोंदी मिळण्याचा, दुसरे मत घेण्याचा, दर आधी कळण्याचा आणि औषध किंवा तपासणी कुठे करायची ते स्वतः निवडण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेत तर २००२ पासून नियम आहे की नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात. मला हे तेव्हा ठाऊक असते तर माझा आवाज थोडा कमी कापला असता.

पाचव्या दिवशी ब्लॉक मिळाला. दोन ब्लॉक आणि सहा स्लाइड. झिपच्या छोट्या पिशवीत फिक्या पिवळ्या प्लास्टिकची चौकट, तिच्यावर पेन्सिलने आकडा आणि मधोमध मेणात तांदळाच्या कणीसारखे दोन-तीन करडे ठिपके. "उन्हात ठेवू नका, मेण आहे," एवढे लॅबच्या मुलाने सांगितले. वहिनीने ती पिशवी तळहातावर घेतली आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. "एवढ्याशाने एवढं?" म्हणाली. मग तिने ती आपल्या पर्समध्ये, देवीचा फोटो असलेल्या कप्प्यात ठेवली. त्या रात्री अवंतिका एक्सप्रेसने आम्ही मुंबईला निघालो तेव्हा पर्स उशाशी घेऊन ती जागीच होती.

परळला टाटा मेमोरियलमध्ये त्याच ब्लॉकवर परीक्षण झाले, फिशही त्यावरच झाली, हर-टू पॉझिटिव्ह असल्याचे ठरले. तिथल्या डॉक्टरांनी फाइल चाळत आणखी एक गोष्ट सांगितली, की वहिनीच्या गाठीचा आकार आणि काख पाहता पेट स्कॅन या टप्प्यावर लागलाच नसता. चौदा हजार. इंदुरात तो आम्हाला एका वाक्यात सांगितला गेला आणि आम्ही एका दिवसात करून मोकळे झालो, कारण कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर "हे कशासाठी?" असे विचारणे आम्हाला वहिनीच्या जिवाची किंमत करण्यासारखे वाटले. प्रत्येक घरात असेच होते.

परतल्यावर शेजारच्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने सांगितले की कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते आणि सोबतच्या एका माणसाला पाऊण. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. आम्ही पूर्ण पैसे भरून बसलो होतो.

औषधांचेही तेच. हर-टू पॉझिटिव्ह असल्यामुळे वहिनीला वर्षभर दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्यायचे आहे. रुग्णालयातल्या दुकानात डब्यावरच्या छापील किमतीने बिल होत होते. आर.एन.टी. मार्गावरच्या दवा बाजारात तेच औषध, त्याच कंपनीचे, निम्म्याहून कमी दरात मिळाले. रुग्णालयाचे म्हणणे होते की बाहेरचे औषध थंड राहिले की नाही याची खात्री नाही. म्हणणे चुकीचे नव्हते, ते औषध दोन ते आठ अंशांतच ठेवावे लागते. मग आम्ही बर्फाच्या डब्यात, बॅच नंबर लिहिलेल्या पक्क्या बिलासह, त्याच सकाळी आणून द्यायला लागलो आणि त्यांनी ते मान्य केले. सरकारने २०१९ मध्ये ४२ कॅन्सर औषधांच्या विक्रीतला नफा तीस टक्क्यांपर्यंत बांधून दिला होता, पुढे काही औषधांवरचे सीमाशुल्क आणि जीएसटीही उतरवला. पण ही उतरलेली किंमत घरापर्यंत यायची तर कोणीतरी चार दुकाने फिरून विचारावे लागते, आणि ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याच्यात तेवढा दम उरलेला नसतो.

एक गोष्ट आमच्या बाजूचीही सांगायला हवी. आपल्या शहरात महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचे सरकारी एमवाय रुग्णालय आहे, सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. बायोप्सी आणि पहिल्या तपासण्या तिथे कितीतरी कमी पैशांत झाल्या असत्या. आम्ही गेलो नाही. गर्दीला घाबरलो, "तिथे कोण विचारतंय" या वाक्यावर विसंबलो. माझा भाचा नंतर एका मित्राला घेऊन तिथे गेला, तेव्हा रांग मोठी होती पण काम झाले. आमच्यासारख्या घरांना तिथे जाण्याची सवय राहिली नाही आणि खासगीत टिकण्याची ऐपत नाही, अशी मधली अवस्था आहे. रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात, राजेंद्र नगरात अशी किती घरे आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि ही घरे बोलत नाहीत. आपल्यात अजून "तो आजार" म्हणतात. वहिनीने मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा पुढचे वाक्य होते, "मंडळात कोणाला कळू देऊ नकोस." मुलीचे लग्न ठरायचे असते, लोक दया दाखवतात ती नको असते, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पैसे मागायची वेळ आली हे कोणाला दिसायला नको असते. दादांनी मुदतठेव मोडली ती मला वही लिहिताना कळली. व्याजावर दंड कापून घेतला होता, तो आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, न बोलता.

म्हणून आपल्याकडे मागणी करते आहे.

आपल्या नाटकांना सभागृह भरते, कोजागरीला जागा पुरत नाही, गणपतीच्या दहा दिवसांत कोणत्या संध्याकाळी कोणता कार्यक्रम हे सहा महिने आधी ठरते. इतकी बांधलेली माणसे आपल्याकडे आहेत. यांतले काहीही कमी करा असे मी म्हणत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सभागृहाच्या एका कोपऱ्यात एक टेबल आणि दोन खुर्च्या द्या. तिथे बसायला निवृत्त परिचारिका, बँकेतली माणसे, औषध दुकान चालवलेले गृहस्थ, ज्यांच्या घरात हे होऊन गेले आहे अशी माणसे मिळतील. आलेल्या माणसाची फाइल तारखेप्रमाणे लावून देणे, ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्यायला सांगणे, महागडी तपासणी करण्याआधी "याने उपचारात काय बदलेल?" हा एक प्रश्न कागदावर लिहून देणे, अंदाजपत्रक लेखी मागणे. आम्हाला एका ठिकाणी खर्चाचा अंदाज डॉक्टरांच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने लिहून मिळाला होता. "अडीच ते चार". मुख्यमंत्री स्वेच्छानुदानासाठी अर्ज करायचा तर रुग्णालयाच्या शिक्क्याचे अंदाजपत्रक लागते, तिथे असा कागद चालत नाही आणि पुन्हा हेलपाटा पडतो. आयुष्मान कार्ड कोणाला मिळते हे १४५५५ या क्रमांकावर विचारता येते, पण साठीतल्या माणसाला फोनवरच्या आवाजाशी बोलताना शेजारी कोणीतरी लागते.

शक्य असेल तर तपासणीच्या दिवशी कोणीतरी सोबत जावे. डॉक्टर काय म्हणाले हे रुग्णाला आणि नवऱ्याला त्या खोलीत ऐकूच येत नाही. दोघेही मान हलवत बसतात. तिसऱ्या माणसाने वहीत लिहून घ्यायचे असते.

दुसरी मागणी पैशांची आहे. प्रत्येक मंडळाने एक निदान निधी वेगळा काढावा. उपचाराच्या लाखांची जबाबदारी आपल्याला पेलणार नाही, ते मला कळते. पण गाठ लागल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंतचे पंचवीस हजार रुपये, बिनव्याजी, अर्ज दिल्यापासून दोन दिवसांत, थेट लॅबच्या नावाने देता येतील. पुढे ज्याला जमेल तो हप्त्याने फेडेल. मी ज्या मंडळाचे हिशेब तपासले तिथल्या ठेवींच्या नुसत्या व्याजावर वर्षाला काही कुटुंबांचे हे काम झाले असते, हे मी आकडे मांडून दाखवू शकते. एकच अट असावी, की नाव कुठेही वाचले जाणार नाही. वार्षिक अहवालात "निदान निधी, अमुक कुटुंबे, अमुक रुपये" एवढेच. सत्कार, धनादेश देतानाचा फोटो, यांतले काही नको. नाव जाहीर होणार असेल तर आमची वहिनी त्या टेबलापाशी कधीच आली नसती.

लॅबच्या दरांबाबतही मंडळे एकत्र बोलली तर फरक पडेल. एकट्या माणसाला दर विचारतानाही जीभ जड होते. आठ-दहा संस्थांच्या लेटरहेडवर मागणी गेली तर मॅमोग्राफी आणि बायोप्सीचे सवलतीचे दर ठरवून घेता येतील. आपल्या सभासदांत कितीतरी डॉक्टर आहेत, पॅथॉलॉजिस्ट आहेत. ते आरतीला येतात, त्यांना एकदा हे काम सांगून पाहा.

हे आपल्या लोकांना जमत नाही असे कोणी म्हणू नये. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसे तिथे राहतात. दादरच्या धर्मशाळेच्या जिन्यात मी एका बाईला दुसऱ्या बाईच्या फाइलला पंच करून देताना पाहिले. दोघींची भाषा वेगळी होती. एक बंगाली बोलत होती, एक बहुधा भोजपुरी. पंच मात्र एकच होता आणि तो त्या दिवशी सगळ्या मजल्यांवर फिरत होता.

वहिनीची शस्त्रक्रिया झाली, केमो संपली, केस पुन्हा आले आहेत, थोडे कुरळे. इंजेक्शने चालू आहेत. मागच्या आठवड्यात तिने स्वतः मला सांगितले, "आता लिही, माझं नाव नको, पण लिही." तिच्या परवानगीने लिहिते आहे.

आपल्या पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय पटलावर घ्यावा आणि मला दहा मिनिटे बोलू द्यावे ही विनंती. वही घेऊन येईन. टेबल कुठल्याही मंडळाने आधी मांडले तरी मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी सहा ते आठ मी बसायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीच्या आणखी तिघीजणी तयार आहेत. त्यांतली एक दवा बाजारात बावीस वर्षे काम केलेली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आजीव सभासद
रामबाग, इंदूर